बटणरावांचा उजवा हात

देवाने माणसाला दोन हात दिले ते जोडण्यासाठी, असं जाणती माणसं सांगतात, आणि ते खोटं कसं म्हणावं? पण जोडून झाल्यावर उरलेल्या दिवसभरात ते दोघे काय काय उद्योग करतात, ते बघण्याचं काम मात्र त्याने ज्याचं त्याच्यावर सोडलं. तिथेच घोळ झाला. नाहीतर बटणरावांच्या उजव्या हाताची ही कथा सांगायची वेळच आली नसती.

बटणराव हे अर्थात आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते गल्लीने ठेवलेलं. गृहस्थाची सगळी नोकरी वीज कचेरीत, तक्रारींच्या खिडकीमागे गेली. वीज नसलेल्यांची गाऱ्हाणी ऐकता ऐकता असलेल्या विजेचं मोल त्यांना इतकं पटलं, की दिवा जळतोय आणि खाली माणूस नाही हे दृश्य त्यांना बघवेना. खोलीतून बाहेर पडताना उजवा हात आपसूक भिंतीकडे जायचा आणि टक्. आत कोणी बसलेलं असलं तरी टक्. एकदा दाढ दाखवायला खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांकडे गेले, दाढ दाखवली, आभार मानले आणि जाता जाता टक् करून आले. आत खुर्चीत दुसरा रोगी आ वासून पडलेला आणि डॉक्टरांच्या हातात मुकं झालेलं यंत्र. डॉक्टर सज्जन. त्यांनी काही बोलून दाखवलं नाही, फक्त तेव्हापासून ते बटणरावांची दाढ दारातच बघतात.

बटणरावांची बायको शाळेत चित्रकला शिकवत होती, म्हणून तिला सगळे बाई म्हणत. निवृत्त झाल्या त्या संध्याकाळी बाई म्हणाल्या, "वहीतली सफरचंदं तपासून डोळे लाल झाले. आता मी माणसांच्या अंगावर चित्रं काढणार."

"अंगावर?"

"सदऱ्यावर हो. गोंदवणार नाहीये कोणाला."

आणि मागच्या खोलीत, जिथे इतकी वर्षं गाद्यांचा ढीग होता, तिथे दिवाणाएवढं एक छपाईचं मशीन येऊन बसलं. ते कापडावर थेट छापत नाही. आधी पारदर्शक फिल्मवर चित्र छापतं, मग त्या ओल्या शाईवर गोंदाची पूड भुरभुरायची, ती तापवून वितळवायची आणि फिल्म टी-शर्टवर ठेवून गरम दाबयंत्राखाली दाबली की चित्र फिल्म सोडून कापडाला चिकटतं. बाईंचा पहिला टी-शर्ट झाला तेव्हा त्यांनी तो लहान मुलासारखा छातीशी धरला होता. बटणरावांनी ते दारातून पाहिलं आणि त्यांना भरून आलं. भरल्या मनाने ते बाहेर पडले. कसे बाहेर पडले, ते पुढे येईलच.

आता या मशीनमध्ये रंग पुष्कळ, पण सगळ्यांत मानी कोण, तर पांढरा. बाकीचे रंग गरीब स्वभावाचे, नळीत सोडून द्या, सांगाल तेव्हा हजर. पांढरा जड. त्याला हलवत राहावं लागतं. जरा दुर्लक्ष झालं की चुन्याच्या निवळीसारखा रंग तळाशी बसतो आणि वर नुसतं पाणी उरतं. म्हणून त्याच्या टाकीत एक मोटर अखंड ढवळत असते आणि एक पंप त्याला नळ्यांमधून फिरवत असतो. पुढे ही शाई डॅम्परमध्ये येते. डॅम्पर म्हणजे काडेपेटीहून लहान प्लॅस्टिकची डबी, आत बारीक जाळी. ती शाई गाळून, शांत करून, छापणाऱ्या हेडला थेंब थेंब देते. छपाई चालू असो वा नसो, भिंतीवरचं बटण मात्र कायम चालू हवं. सतत स्मरण ठेवावं तेव्हा कुठे प्रसन्न होणारं हे दैवत.

मशीनच्या देखभालीचं काम बटणरावांनी मागून घेतलं. "छापणं तुझं, सांभाळणं माझं," ते म्हणाले. निवृत्तीनंतर त्यांना पहिल्यांदाच पद मिळालं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी दाराजवळच्या बटणावर ठळक अक्षरांत पाटी लावली: 'हे बटण कोणीही, कोणत्याही सबबीवर बंद करू नये. आज्ञेवरून.' खाली सही. सहीखाली शिक्का हवा होता, पण तो कचेरीत जमा झालेला.

आणि पाटी नीट बसली का ते मागे सरून पाहिलं, समाधानाने मान हलवली, संध्याकाळ झाली म्हणून ते बाहेर पडले आणि दिवा, पंखा, मशीन, टक् टक् टक्.

श्रोत्यांच्या ध्यानात आलंच असेल. पण श्रोत्यांच्या ध्यानात येणं आणि ज्याचं त्याच्या ध्यानात येणं यांत फार मोठं अंतर असतं, आणि सगळा संसार त्या अंतरातच चाललेला असतो. सकाळी बटणराव सगळ्यांच्या आधी उठत, खोलीत शिरताना तोच हात तीच तीन बटणं पुन्हा चालू करी, आणि मागे काही खूण उरत नसे.

पहिली मोठी मागणी आली ती घरातूनच. बटणरावांची थोरली बहीण, म्हणजे बाईंच्या वन्सं, एक गायनमंडळ चालवत. गळे बेताचे, पण भाव असा की ऐकणाऱ्याने आपोआप डोळे मिटावेत. दोन आठवड्यांनी रविवारी दुपारी सभागृहात त्यांचा कार्यक्रम होता. वन्संनी काळे टी-शर्ट आणून ठेवले आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'एका सुरात' असं छापून मागितलं.

"बाजारात दुकान आहे छपाईचं," वन्सं म्हणाल्या. "पण म्हटलं घरचं आहे तर बघू. जमेल ना गं?"

"जमेल वन्सं."

"नाही जमलं तर आदल्या शुक्रवारी सांग, म्हणजे मला दुकानात देता येतील. बाळ, तू मध्ये लुडबुड करू नकोस." बाळ म्हणजे बटणराव. डोक्यावरचे केस गेले तरी बहिणीच्या तोंडी ते बाळच होते.

वन्सं गेल्यावर बाई बराच वेळ टी-शर्टच्या घड्या सारख्या करत राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, हे जर फसलं ना, तर मी हे मशीन विकून टाकीन आणि पुन्हा कशाला म्हणून हात घालणार नाही. वन्सं काही बोलणार नाहीत. नुसत्या बघतील. ते मला नाही सोसायचं."

"मी आहे ना," बटणराव म्हणाले. हे वाक्य त्यांनी तक्रार-खिडकीतही फार वेळा म्हटलं होतं.

दुसऱ्या सकाळी बाईंनी चाचणी छापली. चाचणी म्हणजे कंगव्यासारखी बारीक रेघांची ओळ. हेडचं प्रत्येक छिद्र आपापली एक रेघ मारतं. बाकीच्या रंगांचे कंगवे भरलेले होते. पांढऱ्याच्या कंगव्यात मात्र इथे एक रेघ, तिथे एक.

दंतवैद्य वर्तमानपत्र मागायला आले होते. त्यांनी फिल्म उजेडात धरली आणि हळहळले. "दात पडलेत. हिरड्यांत काहीतरी अडकलंय."

"डॉक्टर, याला हिरड्या नसतात."

"ती डबी आहे ना, जाळीची? तीच हिरडी. सुई नसलेल्या सिरिंजने शाई खेचून काढू. अडकलेलं बाहेर येईल."

उपाय खरं तर बरोबर होता. मेकॅनिकही तेच करतो. पण बघायला वरच्या मजल्यावरचे निवृत्त फौजदार आले. कुठेही दोन माणसं खाली वाकलेली दिसली की त्यांना यावंच लागतं. त्यांनी मिशी डबीजवळ नेऊन विचारलं, "यातून काय जातं नेमकं?" आणि डॉक्टरांचा अंगठा दांड्यावर सरकण्याऐवजी घसरला. खेचलेली शाई आल्या वाटेने परत निघाली. फौजदारसाहेबांची मिशी कित्येक वर्षं काळीकुळकुळीत होती, त्यात त्यांचा स्वतःचा आणि कलपाचा वाटा किती, हे कोणी विचारलं नव्हतं. ती एका क्षणात आपल्या खऱ्या वयाला आली.

"शोभून दिसतं," बटणराव धीर द्यायला म्हणाले.

"आरसा आणा," फौजदार म्हणाले, आणि त्यानंतर ते दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

पण त्या दुपारी कंगवा भरला! मशीन दिवसभर चालू राहिलेलं, शाई ढवळली गेलेली, डबीतून ताजी शाई आलेली. बाई खूष. रंग दिवसाच्या उजेडातच पारखायची त्यांची जुनी सवय, म्हणून छपाई सकाळवर ठेवली. बटणराव त्याहून खूष. संध्याकाळी त्यांनी मशीनला मनोमन नमस्कार केला आणि खोलीतून बाहेर पडले. टक् टक् टक्.

सकाळी पुन्हा बोळकं.

मग कंपनीच्या मदत-फोनची पाळी आली. बटणरावांनी सदरा घालून, खुर्चीत ताठ बसून फोन लावला. बराच वेळ वाजंत्री वाजली, मग एक गोड आवाज म्हणाला, "सर, आपण मशीन एकदा बंद करून चालू करून पाहिलंत का?"

"बंद?" बटणराव उभे राहिले. "अहो, या घरात ते बटण बंद होत नाही! पाटी आहे!"

"सर, मग शाई खाली बसायला नको."

"बसली आहे."

"सर, शाई आमच्या हमीत आहे. तिचं बसणं नाही."

बटणरावांनी फोन ठेवला तो मोठ्या आदराने. असं उत्तर त्यांनी स्वतः उभ्या नोकरीत एकदाही दिलं नव्हतं, आणि आता ते आधी सुचलं नाही याची हळहळ वाटत होती.

कंपनीचा मेकॅनिक आला. बोलका आणि पुष्कळ आत्मविश्वासाचा. त्याने डॅम्पर बदलला, म्हणाला संपलं काम. संध्याकाळी कंगवा झकास, सकाळी बोळकं. त्याने नळी बदलली. संध्याकाळी झकास, सकाळी बोळकं. हेड विसावतं ती रबरी टोपी बदलली, तिच्याखालचा पंप बदलला, हेड पुसणारी पट्टी बदलली. त्या काळात मेकॅनिक घरातलाच झाला होता. तो बाईंना मावशी म्हणू लागला, बटणरावांच्या खुर्चीत बसू लागला आणि भाजीत मीठ कमी आहे हेही सांगू लागला. शेवटी बदलायला भाग उरला नाही तेव्हा त्याने मशीनच्या पडद्यावर काहीतरी उघडून पाहिलं आणि तोंडाचा चंबू केला.

"काका, मशीन म्हणतंय रोज संध्याकाळी वीज जाते. सकाळी येते."

 बटणरावांचा चेहरा आधी पडला, मग उजळला. शाईचं त्यांना कळत नव्हतं, पण वीज जाणे हा त्यांचा प्रांत होता.

"म्हणजे दोष पुरवठ्याचा," ते गंभीरपणे म्हणाले. "अगं, माझा इस्त्रीचा सदरा काढ. मी कचेरीत जातो."

कचेरीत त्यांच्याच खिडकीमागे त्यांच्याच हाताखाली तयार झालेला कारकून बसला होता. त्याने उठून नमस्कार केला, चहा मागवला, प्रकृती विचारली. बटणरावांना गहिवरून आलं. मग त्यांनी तक्रार सांगितली. कारकुनाचा चेहरा तत्क्षणी कोरा झाला. तो कोरा चेहरा कसा करायचा, हे बटणरावांनीच त्याला शिकवलं होतं.

"उद्या या."

"अरे, मी आहे!"

"साहेब, तुम्हीच सांगितलं होतं, खिडकीच्या पलीकडे सगळे सारखे."

बटणराव बाहेर पाळीच्या बाकावर बसले. इतकी वर्षं हा बाक त्यांना फक्त समोरून दिसला होता. त्याचा एक पाय आखूड आहे आणि बसणाऱ्याला सतत एका बाजूला तोल सांभाळावा लागतो, हे त्यांना आज कळलं. शेजारी बसलेल्या आजींना त्यांनी उगाचच विचारलं, "फार वेळ झाला का हो?" त्या म्हणाल्या, "आपल्याला इथे कोण विचारतंय?" बटणरावांना मनातून फार लाज वाटली. देव माणसाला कधी कधी समोरच्या बाकावर नेऊन बसवतो, आणि तिथे आपलीच पाठ आपल्याला दिसते.

दुसऱ्या दिवशी कचेरीचा तारतंत्री, म्हणजे लाइनमन, आला, खांबावर चढला, मीटर पाहिला, घरभर फिरला. "पुरवठा ठणठणीत. तुमच्या इमारतीत, गल्लीत कुठेच वीज जात नाही. जाते ती फक्त या एका खोलीत."

हे ऐकायला फौजदार जिन्यात उभेच होते. मिशी पुन्हा काळी झाली होती आणि बोलणंही सुरू झालं होतं. ते आत आले, दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाले, "म्हणजे आतला माणूस."

"आतलं कोण? मी आणि ही."

"बटणराव, माझ्या नोकरीत प्रत्येक वेळी हेच उत्तर मिळालं, आणि प्रत्येक वेळी दोघांपैकीच एक निघाला."

बटणरावांनी चमकून बाईंकडे पाहिलं. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी नजर पुन्हा फौजदारांकडे नेली.

फौजदारांनी शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांना मागच्या खोलीत बोलावलं. दंतवैद्य आले, मेकॅनिक होताच, आणि छपाई झाली का ते बघायला वन्संही आल्या. रोज सकाळी बोळकंच निघत असल्यामुळे एकही टी-शर्ट छापून झाला नव्हता. काळ्या घड्या तशाच ढिगात होत्या. वन्संनी तो ढीग पाहिला आणि नुसत्या बघत राहिल्या. बाईंनी मान खाली घातली.

ती खाली गेलेली मान बटणरावांना सहन झाली नाही. ते पुढे सरसावले.

"ऐका!" ते म्हणाले. "या घरात कोणीतरी या बटणाला हात लावतं. ज्या कोणाचं हे पाप असेल त्याने ध्यानात ठेवावं, की या मशीनवर माझ्या बायकोचा जीव आहे. तिने सगळी उमर दुसऱ्यांच्या चुका सुधारल्या. आता कुठे ती स्वतःचं काही करतेय. आणि तिच्या पाठीमागून कोणीतरी येतं आणि ते विझवून जातं! अशा माणसाला काय म्हणावं? त्याला देवसुद्धा क्षमा करणार नाही. करेल म्हणा, तो दयाळू आहे. पण मी करणार नाही! आजपासून या बटणाला जो हात लावील, त्या हाताशी माझं वैर. बस्स. मला आणखी बोलायचं नाही. या सगळे, चहा घ्या."

असं म्हणून डोळे पुसत बटणराव दारातून बाहेर पडले.

टक्. टक्. टक्.

पाटीवर 'आज्ञेवरून' लिहिलेलं होतं, त्याच्या बरोबर खाली. अंधारात मोटरचा घुरघुराट हळूहळू मंदावत थांबला. मेकॅनिकने नकळत तोंडात बोट घातलं, आणि त्याला शाई लागलेली असल्याने लगेच काढलं.

"बाळ," अंधारातून वन्संचा आवाज आला, "मागे ये."

"काय झालं? दिवा का घालवलात?" बटणरावांनी दारातून डोकं आत घातलं, आणि त्यांचा हात सवयीने वर जाऊन तिन्ही बटणं पुन्हा चालू करून गेला. उजेडात पाचही माणसं त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होती. मग त्यांनीही तिकडे पाहिलं. हात अजून बटणावरच होता, अगदी निरागस, जणू काही मुलाने खोडी करून आईकडे पाहावं तसा.

बटणराव गच्चीत जाऊन बसले.

फौजदार त्यांच्या मागून गेले. त्यांना समाधान वाटत होतं, पण ते दाखवणं बरं नव्हतं. "माझ्याकडे जुनी बेडी आहे," ते हळूच म्हणाले. "हवी तर..."

"तुम्ही जा आता," बाई मागून म्हणाल्या.

त्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. बटणराव उजवा हात मांडीखाली दाबून बसले होते.

"अगं, मी राजीनामा देतो."

"कशाचा?"

"देखभालीचा. आणि मशीन विकायचं तर मीच विकून देतो. सगळं माझ्यामुळे गेलं."

बाईंना हसू यायला नको होतं, पण आलं. आधी ओठांत, मग खांद्यांत, मग त्यांना खालीच बसावं लागलं. "अहो, काय ते भाषण! 'त्या हाताशी माझं वैर!' वन्संनी पदर तोंडात कोंबला होता."

"तू रागावली नाहीस?"

"रागावले की. पण तुम्ही माझ्यासाठी एवढं बोललात, तेही दहा जन्मांत एकदा. ते कुठे ठेवू?" त्यांनी मांडीखालून तो हात ओढून काढला आणि आपल्या हातात घेतला. "राजीनामा नामंजूर. फक्त आता हा माझ्या ताब्यात. खोलीतून बाहेर पडताना मी याला धरणार."

तेवढ्यात वन्सं गच्चीच्या दारात आल्या. भावाचा हात भावजयीच्या हातात पाहून त्यांनी क्षणभर खोकल्यासारखं केलं.

"मी टी-शर्ट दुकानात द्यायला घेऊन चालले होते," त्या म्हणाल्या. "पण आता दुकान बंद झालं असेल." दुकान उघडं होतं, तिघांनाही ठाऊक होतं. "उद्या सकाळी मंडळाला इथेच तालमीला बोलावते. बघू तुमचं पांढरं कसं येत नाही ते."

शनिवारी सकाळी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मशीन शुक्रवारच्या रात्री पहिल्यांदाच अखंड चालू राहिलं होतं, त्यामुळे टाकीतला वरचा भाग जिवंत झाला होता. पण इतक्या दिवसांचा तळाशी बसलेला पांढरा थर मोटरला दाद देईना. मेकॅनिकने टाकी रिकामी करून धुतली, नवा डॅम्पर काढला आणि नव्या शाईच्या बाटल्या मंडळाच्या हाती दिल्या. "हलवा. पण फेस येऊ देऊ नका, हवा गेली तर पुन्हा अडकेल. उलटी, सुलटी. हळू."

पंधरा-वीस बायकांना हळू हे पटेना. एकीची बाटली पुढे, एकीची मागे, कोणाची जोरात. तेव्हा वन्संनी टाळी दिली. रविवारच्या शेवटच्या गाण्याची चाल धरली, आणि काय सांगावं, बाटल्या तालावर उलटू लागल्या. समेवर सगळ्या उलट्या, तालाची खाली आली की सगळ्या सुलट्या. जड झालेलं मन नामाने हलतं असं म्हणतात. जड झालेली शाईही हलते, हे त्या दिवशी त्या खोलीने पाहिलं. दंतवैद्यांनी सिरिंज हाती घेतली, फौजदार आपणहून दोन पावलं मागे सरले, आणि डॉक्टरांनी डबीतून बुडबुडे संपेपर्यंत शाई इतक्या हळुवार ओढली, की मेकॅनिक म्हणाला, "डॉक्टर, माझी पण एक दाढ दुखते."

बटणरावांच्या उजव्या हातात दोन बाटल्या दिल्या होत्या. मुद्दामच दोन.

चाचणी छापली. पांढरा कंगवा भरला. एकही दात पडलेला नाही. बाईंनी फिल्म उजेडाला धरली आणि त्यांचे डोळे इतके भरले, की त्यांना ती दिसेना. मग सगळ्यांना वाचून दाखवायला ती वन्संकडे द्यावी लागली, जशी काही ती चिठ्ठी होती.

दिवसभर छपाई चालली. पूड, तापवणं, दाबणं. संध्याकाळी काळ्या कापडावर 'एका सुरात' अशी अक्षरं शुभ्र उठून दिसत होती. खोलीतून निघताना बाईंनी बटणरावांचा हात घट्ट धरला. बोटं एकदा वळवळली, मग निवली. जिन्यात समोरच्या घरच्या काकू भेटल्या. त्यांनी हातात हात पाहिले आणि घरी जाऊन आपल्या यजमानांशी अबोला धरला, असं मागाहून कळलं.

रविवारी सभागृह भरलं होतं. जाड पडदे ओढलेले, मंचावर दिवे, आणि मंडळ काळ्या पोशाखात ओळीने उभं. वन्संच्या आग्रहाने बाईही गाणाऱ्यांत होत्या, दुसऱ्या ओळीत. म्हणजे बटणरावांचा हात त्या दुपारी मोकळा होता, आणि हे दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही.

ते मंचाच्या कडेला, पडद्याआड पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. शेवटचं गाणं सुरू झालं. वन्संचा आवाज वर चढला. तांब्यातलं पाणी संपलं होतं, म्हणून बटणराव भरून आणायला निघाले. मंचामागच्या दारापाशी एक भलामोठा विजेचा फलक होता.

टक्.

सगळं सभागृह काळोखात बुडालं. लोकांत कुजबुज उठली. वन्सं थांबल्या नाहीत. त्या आयुष्यात कशासाठीच थांबल्या नव्हत्या. त्यांच्यामागून मंडळही गात राहिलं. आणि मग वरच्या झरोक्यांतून येणाऱ्या पुसट उजेडाला डोळे सरावले, तेव्हा श्रोत्यांनी एकदम श्वास रोखला. गाणाऱ्या बायका नाहीशा झाल्या होत्या. काळे कपडे काळोखात विरघळले होते. उरली होती फक्त पांढरी अक्षरं. अंधारात तरंगणारं 'एका सुरात', 'एका सुरात', 'एका सुरात', आणि प्रत्येक आपल्या मनाप्रमाणे डुलणारं.

बटणराव दारात खिळले होते. हात बटणावरच होता. आता तो झटकन वर जाईल आणि दिवे लावील, हे त्यांना ठाऊक होतं. तो नेहमी तसंच करी, विचारल्याशिवाय. पण त्यांनी दुसऱ्या ओळीतली ती अक्षरं पाहिली, जी बाकीच्यांपेक्षा थोडी सरळ डुलत होती, आणि ते हाताला म्हणाले, "थांब." आयुष्यात पहिल्यांदाच हाताने ऐकलं. गाणं संपेपर्यंत तो तिथेच थांबला. शेवटची ओळ विरली तेव्हा त्यांनी दिवे लावले, आणि सभागृह उठून उभं राहिलं होतं.

सभागृहाचे व्यवस्थापक धावत आले. "काय कल्पना! अंधाराची योजना कोणाची?"

वन्संनी पडद्याआडच्या भावाकडे पाहिलं. त्या फक्त बघत राहिल्या, पण हे बघणं वेगळं होतं. "आमच्या बाळची," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून त्याला त्यातलं कळतं."

व्यवस्थापकांनी विचारलं, हे टी-शर्ट कुठे मिळतील? आमच्या पुढच्या कार्यक्रमाला हवेत, आमच्या माणसांसाठीही हवेत, आणि जरा नाव द्या, मी आतल्या खोलीत जाऊन लिहून ठेवतो. बाई सांगत राहिल्या. त्यांचा आवाज आधी घाबरा, मग मोठा होत गेला. मशीन विकायची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

परतायची वेळ झाली. व्यवस्थापकांच्या आतल्या खोलीच्या दारावरून, लांबलचक व्हरांड्यातून सगळे निघाले. बाईंनी पुढे होऊन बटणरावांचा उजवा हात धरला, आणि तसे ते दोघे सगळ्यांच्या मधून चालले. बायका कौतुकाने बघत होत्या. दंतवैद्य म्हणाले, "या वयात असं प्रेम दुर्मीळ." फौजदारांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "प्रेम नव्हे, ताबा." पण त्यांचाही आवाज जरा ओला होता. बटणरावांनी मान ताठ केली. उजवा हात बाईंच्या मुठीत शांत पडला होता, लहान मुलासारखा.

तेवढ्यात मागून, आतल्या खोलीतून, व्यवस्थापक ओरडले, "अहो! मी अजून लिहितोय! दिवा कोणी घालवला?"

डावा हात मोकळा होता.